फादर उठेपर्यंत

"दोनच मिनिटं, मोठीबाई," नवे फादर म्हणाले. "ख्रिस्तप्रसाद वाटून झाला की मी खुर्चीत जाऊन बसणार. गाणं नाही, प्रार्थना नाही, घंटा नाही. सगळ्यांनी नुसतं गप्प बसायचं."

"कशाला?"

"देवाचं ऐकायला."

"देव या रविवारी बोलणार आहे का? तसं असेल तर आधी सांगा, पुढची जागा धरलेली बरी."

फादर हसले. हसण्यात ते हुशार होते. आठ महिन्यांपूर्वी या धर्मग्रामात आले तेव्हापासून हसत हसतच त्यांनी अर्धं चर्च हलवलं होतं. वेदीपुढचा कठडा गेला. वेदी चार पावलं पुढे आली. उठायची-बसायची खूण करणारी घंटा कपाटात गेली, कारण म्हणे माणसं काही शाळेतली पोरं नव्हेत. तेव्हापासून बिचारा घंटावाला मिस्साभर आपल्या रिकाम्या हातांकडे बघत बसे. आणि आता कचेरीच्या टेबलावर पत्रकांचा गठ्ठा पडला होता, ताज्या शाईच्या वासाचा. त्यात मिस्सेचा, म्हणजे रविवारच्या उपासनेचा, नवा क्रम छापला होता.

मोठीबाईने पत्रकाला बोट लावलं नाही. ती चौथी शिकलेली. पण एकेचाळीस वर्षं दर रविवारी चर्चमागच्या खोलीत तिने पोरांकडून धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घेतली होती. लहानपणी तिची पट्टी खाल्ली नाही असं माणूस त्या वस्तीत शोधून सापडलं नसतं. मिस्सा तिला तोंडपाठ होती, आणि जे पाठ आहे ते कागदावर वाचणं म्हणजे आपल्याच घरात शिरताना शेजाऱ्याला रस्ता विचारणं.

"आणखी एक," फादर जरा खाली बघत म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून मुलांचा वर्गही नव्या पद्धतीने घेऊ. पाठांतर नको. गोल करून बसायचं, मनातलं बोलायचं. आईबापांनीही सोबत बसायचं. तुम्ही खूप केलंत, मोठीबाई. आता आराम करा."

म्हाताऱ्या माणसाला आराम कर म्हणायचं म्हणजे सुताराला त्याच्या शवपेटीचं माप घ्यायला धाडायचं. मोठीबाईच्या नाकपुड्या फुलल्या.

"माझ्या वर्गात काय कमी आहे?"

"कमी काही नाही. पण तुमची मुलं फक्त उत्तरं देतात. गप्प बसायला त्यांना कुणी शिकवलंच नाही."

"माझ्या हाताखालच्यांना गप्प बसता येत नाही?" मोठीबाई खुर्चीतून उठली. "ऐका, फादर. रविवारी तुम्ही उठेपर्यंत चर्चमधलं एक माणूस जागचं हलणार नाही. हललं, तर वर्ग तुमचा. नाही हललं, तर वर्ग माझा, मी डोळे मिटेपर्यंत."

"ठरलं," म्हणून फादर पुन्हा हसले. त्या आठवड्यातलं ते त्यांचं शेवटचं हसू.

शनिवारी मोठीबाई दारोदार फिरली. "पत्रक वाचत बसू नका," तिने प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. "फादर उठले की उठायचं. तोवर हलायचं नाही. वर्ग राहतो की जातो त्याचा प्रश्न आहे."

"आणि खोकला आला तर?" शिंप्याने विचारलं. तो पन्नाशीचा, तीन मुलांचा बाप, तरी तिच्यापुढे अजून हात मागे बांधून उभा राही.

"खोकला देवाचा. मान हलली तर मात्र तुझी मान आणि माझा हात."

घरी तिची सून जेवणाच्या टेबलाशी पत्रक वाचत बसली होती. चर्चमध्ये गाणं सुरू करायचं काम तिच्याकडे होतं. आवाज गोड, स्वभाव मऊ. अकरा वर्षं सासूच्या घरात काढून माणूस दुसरं काय होणार?

"सासूबाई, यात पुढं असं दिलंय की..."

"मला मिस्सा शिकवतेस? फादर उठेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. तूही नाही."

"अहो, पण त्यात..."

"नाही म्हणजे नाही."

"बरं," सून म्हणाली. तिचं 'बरं' दाराच्या कडीसारखं होतं. एकदा बसलं की आत काय राहिलं ते कुणाला कळत नसे.

रविवारी सकाळी आठच्या मिस्सेला धुकं पडलं होतं. चर्चच्या काचांना बाहेरून कुणी ओलं कापड लावावं तसं दिसत होतं. ख्रिस्तप्रसाद वाटून झाला. फादर वेदीशेजारच्या उंच खुर्चीत लोकांकडे तोंड करून बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले.

पहिलं मिनिट साधं होतं. कुठे बाक करकरलं, कुणी आवंढा गिळला, कुणाच्या पोटात गुरगुरलं. मग तेही थांबलं. दुसरं मिनिट झालं. निदान झालं असावं, कारण चर्चचं घड्याळ मागे दारावर होतं आणि मागे बघायची सोय नव्हती. मिस्सेत मागे बघणाऱ्याची मान कायमची तशीच राहते, हे मोठीबाईने तीन पिढ्यांच्या डोक्यात बसवलं होतं. घड्याळाचे ठोके तेवढे ऐकू येत होते. एरवी त्या घड्याळाला आवाज आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

पाच मिनिटं गेली. फादर उठले नाहीत.

दहा गेली. पहिल्या बाकावर कडेला बसलेल्या मोठीबाईला आधी आनंद झाला. दोनशे माणसं, मांडीवरच्या पोरांसकट, दगडासारखी. मग तिच्या लक्षात आलं की शांतता आता घट्ट होत चालली आहे, थंडीत तूप थिजावं तशी. मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या, जराही लवत नव्हत्या. आणि फादरांच्या चेहऱ्यावर, त्या मेणबत्त्यांच्या उजेडात, मेणबत्त्यांचाच रंग चढला होता.

"मोठीबाई," मागच्या बाकावरून शिंपी ओठ न हलवता कुजबुजला. ही विद्या सगळ्यांना येत होती, तिच्याच वर्गात शिकलेली. "फादर श्वास घेतायत ना?"

"तू घेतोस ना? मग बस."

"छाती हलत नाहीये हो."

"एवढा झगा घातलाय. छाती कुठून दिसणार तुला?"

"मी शिवलाय तो. श्वास घेतला की तिसऱ्या गुंडीपाशी चुणी पडते. आज पडत नाहीये."

मोठीबाईने तिसऱ्या गुंडीकडे पाहिलं आणि तिला वाटलं, पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

"आणि जुने फादर..." शिंपी म्हणाला.

"गप!"

पण दोन्ही बाजूंच्या बाकांवरची माणसं तोवर तिथेच पोचली होती. जुने फादर याच खुर्चीत गेले होते. मिस्सा आटोपून आभाराची प्रार्थना करायला बसले, लोक आपापल्या घरी गेले, आणि दुपारी दारं लावायला आलेला घंटावाला 'फादर, जेवायची वेळ झाली' असं तीनदा म्हणाला तेव्हा कळलं. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. अगदी असेच.

तेवढ्यात फोन वाजला. कुणा नर्सबाईच्या पर्समध्ये होता. बंद करायचा तर हलावं लागणार, म्हणून ती समोर बघत बसून राहिली आणि तिच्या मांडीवर पर्स घरघरत राहिली. कमानींतून तो आवाज फिरला, छतापर्यंत गेला, खाली आला. थांबला. मग पुन्हा सुरू झाला. प्रवचनात कुणाचा फोन वाजला की फादर तिथल्या तिथे थांबून त्या माणसाकडे बघत. आज त्यांची पापणीही हलली नाही.

"मेलेत," शिंपी म्हणाला.

"खोका," मोठीबाई दातांआडून म्हणाली.

"काय?"

"खोकला देवाचा. सगळ्यांनी खोका. जिवंत असले तर ऐकतील."

शिंपी खोकला. त्याच्या मागचा खोकला. खोकल्याची लाट बाकामागून बाक मागे गेली, दाराला लागली आणि परत पुढे आली. दोनशे माणसं माना सरळ ठेवून खोकत होती, आणि समोर ते मिटलेले डोळे तसेच मिटलेले. लाट संपली तेव्हा शांतता आधीपेक्षा खोल होती. आता कुणाची खोकायचीही छाती होईना.

आणि मग मागची बाकं भरू लागली.

आठच्या मिस्सेला मागची दहा बाकं कायम रिकामी असत. हे सगळ्यांना माहीत होतं. त्या रिकाम्या बाकांवर आता कुणीतरी येऊन बसत होतं. दाराचा आवाज नव्हता, ते उघडंच होतं. बोलणं नव्हतं. हलकी पावलं येत, थबकत, आणि मग एखादं लाकूड कण्हल्यासारखं वाजे. पुन्हा पावलं. पुन्हा लाकूड. एकामागून एक. धुक्याचा गारवा मानेवरून पुढे सरकला. बघायला कुणीच वळलं नाही. आधी मोठीबाईच्या धाकाने वळत नव्हते, आता स्वतःच्या.

"मोठीबाई," शिंप्याचा आवाज लहान पोराचा झाला होता. "माझ्या मागं कडेची जागा रिकामी होती. तिथं कोणतरी बसलं."

"बसू दे."

"डांबरगोळ्यांचा वास येतोय. आईच्या कोटाला यायचा तसा. तोच कोट घालून पुरलंय हो तिला."

शिंप्याने समोर क्रूसाकडे बघत, रडवेल्या कुजबुजीत, मागच्या वासाला सांगून टाकलं, "आई, तुझी मोठी कात्री दादाने नाही नेली. माझ्याकडेच आहे. गल्ल्याखालच्या खणात. मी उगाच त्याचं नाव घेतलं."

मागून, त्याच्या कानाशी, एका बाईचा आवाज आला. "कळलं."

शिंप्याचे डोळे पांढरे झाले, पण पठ्ठ्या हलला नाही.

उजव्या हाताला, वेदीच्या पायरीपाशी, गाणारे बसले होते. तिथून सून गेली वीस मिनिटं सासूकडे बघत होती. अखेर तिने ओठ न हलवता म्हटलं, "सासूबाई, असे नाही उठायचे फादर."

"म्हणजे?"

"पत्रकात लिहिलंय. शांतता झाली की मी गाणं सुरू करायचं. गाणं सुरू झालं की फादरांनी आणि लोकांनी उठायचं. ते माझ्यासाठी थांबलेत."

"अगं मेले, मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही म्हणालात, तोंड उघडायचं नाही."

मोठीबाईने डोळे मिटून घेतले. खड्डा तिनेच खणला होता, आणि काठावर उभं राहून सगळ्यांना ढकललंही तिनेच होतं.

"करू का सुरू?" सुनेने विचारलं.

तिने हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. फादर उठायच्या आत गाणं म्हणजे शब्द मोडला. वर्ग गेला. चर्चमागची ती खोली, ते ठेंगणे बाक, पोरांचा एका सुरात चढणारा आवाज, सगळं पुढच्या महिन्यात कुणीतरी गोल करून बसवणार. नवरा गेल्यावर तिला अंथरुणातून कुणी उठवलं असेल तर त्या रविवारच्या वर्गाने. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. गाणं सुरू झालं आणि तरीही फादर उठले नाहीत तर? तोवर निदान ते प्रार्थना करत होते असं म्हणता येत होतं.

"करू का?"

"थांब," मोठीबाई म्हणाली. तिने पुन्हा त्या चेहऱ्याकडे पाहिलं. मिटलेल्या पापण्या, वर चढलेल्या भुवया. एकाएकी तिला ते फादर दिसले नाहीत. दिसला तो आईविना परक्या वस्तीत येऊन एकटा जेवणारा, तिच्या धाकट्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला मुलगा. "मरो तो वर्ग," ती मोठ्याने म्हणाली, आणि उठली.

तिचे गुडघे वाजले ते शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले. मोठीबाई हलली होती. ती वेदीच्या तीन पायऱ्या चढली, खुर्चीपाशी गेली, आणि फादरांच्या नाकाखाली दोन बोटं धरली.

बोटांना ऊब लागली.

"मोठीबाई," फादर डोळे न उघडता, ओठ न हलवता म्हणाले. ही विद्या त्यांनाही येत होती, देव जाणे कुठे शिकले. "गाणं का सुरू होत नाहीये?"

"तुम्ही जिवंत आहात?"

"मी आहे. तुम्ही सगळे आहात का?"

"असं काय विचारता?"

"दहा मिनिटांनी मी एक डोळा जरा उघडून पाहिलं. दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. एकाचीही पापणी हलत नव्हती. मी घाबरून मिटला. मग सगळे एकदम खोकलात. मग परत पाहिलं तर..." फादरांचा आवाज आणखी खाली गेला. "तर माणसं वाढली होती. मोठीबाई, मागची बाकं कुणी भरली?"

आता मात्र मोठीबाई वळली. मान तशीच राहायची तर राहो. चर्च दारापर्यंत गच्च भरलं होतं. साडेनऊच्या मिस्सेची माणसं, कोट घातलेली, एकमेकांचे हात धरलेली, पांढरीफटक. येतात तो आतले लोक पुतळ्यासारखे बसलेले, कुणी वळून बघत नाही, फादर खुर्चीत निपचित. काहीतरी भयंकर घडलंय असं समजून ती पाऊल न वाजवता जागा धरून बसली होती, कुणी सांगेल म्हणून.

"गा गं बाई," मोठीबाई सुनेला म्हणाली.

सुनेने गाणं उचललं. पहिल्याच ओळीला दोन मिस्सांची चारशे माणसं अशी ताडकन उठली की छतावरची कबुतरं उडाली. शिंप्याने वळून पाहिलं. मागे जागा न उरल्याने पुढे येऊन बसलेली त्याची भावजय उभी होती, कपड्यांच्या पेटीतून काढलेला कोट घालून. या दिराचं तोंड दिसू नये म्हणून ती दोन वर्षं मुद्दाम साडेनऊच्या मिस्सेला येत होती.

"कात्री आज संध्याकाळी," ती म्हणाली, आणि गायला लागली.

मिस्सेनंतर फादरांनी मोठीबाईला कचेरीत गाठलं. "लोक हलले नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही हललात, पण ते माझ्यासाठी. ते धरायचं नाही."

"का धरायचं नाही? मी माणसात नाही का?" मोठीबाई म्हणाली. "एक माणूस हललं तर वर्ग तुमचा, असं ठरलं होतं. मला भीक नको." आणि ती चालती झाली.

वर्ग सुनेला मिळाला. पत्रक नीट वाचलेलं माणूस धर्मग्रामात ती एकटीच निघाली. मोठीबाईने ऐकलं, मान हलवली, आणि बोलायची थांबली.

रागावली असती तर घराला सवय होती. रागावली नाही. सोमवारी ती उठली, आवरलं, जेवली, खिडकीशी बसली, निजली. एक शब्द नाही. मंगळवारी मुलाने विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" तिने शांतपणे त्याच्याकडे पाहिलं. मुलगा उठून दुसऱ्या खोलीत गेला. घरात नळ गळतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जिन्यावरून जाणारे शेजारी या दारापाशी आले की आपोआप पाय उचलून टाकू लागले. बुधवारी सुनेने जेवणात मुद्दाम दुप्पट मीठ घातलं आणि समोर उभी राहिली. मोठीबाईने ताट चाटून पुसून संपवलं. सून स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. त्याच पावली ती चर्चच्या कचेरीत गेली.

"फादर, घरात बसवत नाही. त्या ऐकतायत."

"काय ऐकतायत?"

"तेच तर कळत नाही!"

फादर आले. मोठीबाई खिडकीशी होती. तिने समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. फादर बसले. तिने हात गुडघ्यांवर ठेवले. डोळे मात्र उघडे होते, आणि त्यांच्यावरच होते. नळ ठिबकत होता. सून दाराआड उभी होती, मुलगा तिच्या मागे. पाच मिनिटं झाली. फादरांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा आपल्या बुटांकडे. सातव्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर घाम आला. तिसऱ्या गुंडीपाशी चुण्यांवर चुण्या पडत होत्या. नवव्या मिनिटाला ते मोडले.

"मोठीबाई, काहीतरी बोला हो! रविवारी वर्ग तुम्ही घ्या. पाठांतर घ्या, पट्टी घ्या, काय वाटेल ते घ्या."

मोठीबाई जरा पुढे वाकली.

"आधी कोण बोललं, फादर?"

"मी," फादर म्हणाले.

"लक्षात ठेवा," मोठीबाई म्हणाली. मग तिने दाराकडे मान वळवली आणि तीन दिवसांचं राहिलेलं सगळं एका दमात सुनेला ऐकवलं, मिठापासून सुरुवात करून. सून दाराच्या चौकटीला टेकून, डोळे पुसत, प्रत्येक वाक्याला "बरं, बरं" म्हणत राहिली.